ज्याचा विमा होता ते बुडू दिलं

विम्याचा माणूस येणार म्हणून ऑफिसला चुना लावणारी संस्था अख्ख्या देशात एकच असेल, आणि त्या संस्थेत मी हिशेबनीस होतो. चिडण्याचा माझा स्वभाव तेव्हाही होता. पण त्या दिवशी चिडायलासुद्धा मला उशीर झाला. पुरामुळे गडचिरोलीला अडकलेला मी परत पोचलो, तेव्हा भिंती वाळत आल्या होत्या.

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेपासून फार लांब नसलेल्या एका गावात आमची संस्था होती. संस्था म्हणजे चार खोल्या आणि एक पडवी. मुख्य काम धानकोठीचं. जंगलातल्या गावांची माणसं कापणी झाली की घरटी थोडा धान आमच्याकडे आणून ठेवायची. श्रावण-भादव्यात घरातल्या ढोल्या रिकाम्या झाल्या की तोच धान उचलून न्यायची आणि नव्या पिकावर थोडा वाढवून परत करायची. सावकाराच्या दारात उभं राहावं लागू नये, एवढाच त्यामागचा विचार. विचार साधा होता म्हणून चालला. आमच्याकडे मोठे विचारही पुष्कळ येऊन गेले, ते कुणाच्या लक्षात नाहीत.

असाच एक मोठा विचार म्हणजे कॉम्प्युटर. कुठल्याशा योजनेतून आम्हाला दोन मिळाले. ज्या गावात वीज येते की जाते यावर माणसं पैजा लावत, तिथे दोन कॉम्प्युटर, एक कर्रकर्र करणारा प्रिंटर आणि त्या सगळ्यांना सांभाळायला एक स्टॅबिलायझर. अध्यक्षभाऊंनी त्या खोलीला पडदे लावले, गावच्या शिंप्याकडून मशीनना हिरव्या कापडाच्या खोळी शिवून घेतल्या, आणि चपला बाहेर काढायचा नियम केला. नारळ फुटला तो दिवस मला आठवतो, कारण नारळाचं पाणी मशीनवर उडू नये म्हणून मी आडवा उभा होतो आणि ते सगळं माझ्या सदऱ्यावर उडालं. योजनेची एक अट होती म्हणून मशीनचा विमाही उतरवला. विम्याचा हप्ता भरताना अध्यक्षभाऊ दरवेळी तोंड वाकडं करायचे.

मशीन चालवायला एक मुलगी आली, आम्ही तिला ताई म्हणायचो. ती ब्रह्मपुरीची. तिच्या आजोबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती आणि तेव्हापासून त्या घरात शिकण्याला जेवणाइतका मान होता. वडील शाळामास्तर, पण आजारानं अंथरुणाला खिळलेले. धाकटी बहीण कॉलेजात. हिने नागपूरला राहून कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, आणि आता घर हिच्या पगारावर चालत होतं. तो पगार योजनेतून यायचा, आणि योजनेचं म्हणणं असं की मशीन चालू असतील तोवरच पगार. मशीन बंद तर जागा बंद. हे तिला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, आणि मीच सांगितलं होतं. तिने फक्त मान हलवली आणि खोळ काढून मशीन सुरू केली.

तिने काय केलं, तर धानकोठीचा सगळा हिशेब मशीनवर चढवला. मग एक गंमत सुरू झाली. जंगलातल्या गावांची माणसं बाजाराच्या दिवशी यायची, चपला बाहेर काढायची आणि आत येऊन म्हणायची, बाई, माह्यं नाव दाखव. ती बोटं चालवायची आणि काळ्या काचेवर हिरव्या अक्षरांत नाव उमटायचं. वाचता येणारे थोडेच होते. ती वाचून दाखवायची, तुमचं नाव, तुमचं गाव, तुमचा एवढा धान. म्हातारी माणसंसुद्धा लाजल्यासारखी हसायची. मला त्या मशीनचं फारसं कौतुक नव्हतं, पण हे बघायला मी कामं टाकून दारात उभा राहायचो.

त्या वर्षी भादव्यात वैनगंगा चढली. आमच्या गावाला नदी थेट गाठत नाही. नदी फुगली की तिला मिळणारा नाला उलटा फिरतो, आणि ते पाणी मागल्या दारानं येतं. मी बँकेच्या कामाला गडचिरोलीला गेलो होतो, अध्यक्षभाऊ लग्नाच्या बोलणीसाठी नागभीडला. दोन्हीकडचे रस्ते बंद झाले. ऑफिसात ती एकटी होती, आणि पडवीत जंगलातल्या गावांची काही माणसं. बाजाराला आलेली आणि पाण्यामुळे अडकलेली.

पुढचं मला नंतर अनेकांकडून कळलं, आणि सगळ्यांनी सारखंच सांगितलं. दुपारी नाल्याचं पाणी मागच्या बांधाला लागलेलं तिला दिसलं. गावात उंचावर एकच जागा, टेकाडावरची शाळा. पण शाळेचं छप्पर कवेलूचं आणि जागोजागी गळणारं. वर पाऊस कोसळत होता. म्हणजे जे काही नेऊ ते झाकायला ताडपत्री हवी, आणि ताडपत्री संस्थेत एकच. तिने मशीन टेबलावरून उचलून लाकडी कपाटाच्या वर ठेवायला लावल्या आणि सगळ्यांना कोठीकडे वळवलं. बाया, पुरुष, सगळे पोती डोक्यावर, पाठीवर घेऊन शाळेकडे चालू लागले. पाणी आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. शेवटचं पोतं निघालं तेव्हा ती कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. त्यानंतर ऑफिसकडे परत येणं कुणालाच शक्य नव्हतं. कपाट तरंगलं आणि आडवं झालं, आणि दोन्ही मशीन नाल्याच्या गढूळ पाण्यात गेल्या.

पाणी ओसरल्यावर अध्यक्षभाऊ आधी पोचले. मी पोचायच्या आत विमा कंपनीला तार गेली होती आणि नुकसान तपासायला त्यांचा सर्वेअर येतोय असा निरोप आला होता. इथेच आमच्या लोकांनी ती अजब चूक केली. आमच्या भागात साहेब येणार म्हटलं की घर सारवतात, अंगणात सडा पडतो, पाहुण्याला घाण दाखवणं हा अपमान समजतात. अध्यक्षभाऊंनी सगळं गाव कामाला लावलं. चिखल उपसला, फरशी घासली, भिंतींना चुना दिला. पाणी कुठवर चढलं होतं ती खूण सगळीकडून साफ गेली. कहर म्हणजे मशीन. विहिरीच्या पाण्यानं त्या धुतल्या, धान वाळत घालतात त्या खळ्यावर उन्हात वाळवल्या, पुसल्या आणि नव्या खोळी घालून टेबलावर मांडल्या. दारात रांगोळी होती. मी आलो तेव्हा अध्यक्षभाऊ माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते की मी आता शाबासकी देणार.

मी म्हणालो की आता त्या माणसाला आपण नुकसान कुठलं दाखवायचं. त्यांना काही क्षण कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांनी कपाळाला हात लावला. माणूस मनानं चांगला होता. फक्त घाईनं चांगुलपणा करायचा.

मग त्यांनी त्यावर उपाय काढला. सगळ्यांनी एकच सांगायचं, पाणी एकदम आलं, डोळ्याचं पातं लवायच्या आत आलं, काहीच हलवता आलं नाही. ताईला त्यांनी समोर बसवून दोनदा वदवून घेतलं. तिच्याच भल्यासाठी म्हणत होते, आणि ते खरंही होतं. विमा मिळाला नाही तर नव्या मशीन नाहीत, आणि मशीन नाहीत तर तिची जागा नाही. तिने ऐकून घेतलं. हो म्हणाली नाही, पण नाईही म्हणाली नाही.

सर्वेअर नागपूरहून एसटीनं आले. पन्नाशीचे, उंच, खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात स्क्रू-ड्रायव्हर आणि कागद. चहा विचारला तर म्हणाले, आधी काम. पांढऱ्याशुभ्र भिंतींकडे बघत ते खोलीभर फिरले आणि म्हणाले की इतकं स्वच्छ घर त्यांनी दिवाळीलाही पाहिलं नाही. अध्यक्षभाऊंना ती स्तुती वाटली. मला नाही.

पण त्या माणसाचं काम बघण्यासारखं होतं. आरडाओरडा नाही, टोमणे नाहीत. खोळ काढली, मागचे स्क्रू काढले, आतल्या हिरव्या पट्ट्यांच्या सांध्यांतून काडीनं सुकलेला गाळ काढून कागदावर ठेवला. आम्ही बाहेरून कितीही धुतली तरी मशीनच्या पोटात नाला तसाच बसलेला होता. बाहेर जाऊन त्यांनी शेजारच्या घरांच्या न रंगवलेल्या भिंती पाहिल्या, माणसांना आपापल्या अंगावर हात लावून पाणी कुठवर होतं ते दाखवायला सांगितलं. मशीन पुराच्या पाण्यात गेल्या हे त्यांनी आमच्या चुन्यावर मात करून सिद्ध केलं, आणि तेही आमच्या बाजूनं. माझा जीव जरा भांड्यात पडला. मग ते आत येऊन बसले आणि म्हणाले, आता पाणी आलं तेव्हा इथे कोण होतं त्यांच्याशी बोलायचंय.

ती समोर येऊन बसली. अध्यक्षभाऊ तिच्या मागे उभे, मी दाराशी.

सर्वेअरनी विचारलं, पाणी एकदम आलं का. अध्यक्षभाऊंनी घसा खाकरला.

"नाई साहेब," ती म्हणाली. "हळूहळू आलं. वेळ होता."

"मग मशीन बाहेर का नाही नेल्या?"

"ताडपत्री एकच होती. धान आधी नेला."

"मशीन न्यायचा विचारच आला नाही?"

"आला. लोकं पण इचारत होते. मीच म्हटलं, राहू द्या, त्याचा विमा हाय."

सर्वेअरनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. त्या वाक्यात काय आहे ते मला तेव्हा कळलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावरून एवढं कळलं की ते बरं नाही. अध्यक्षभाऊंनी डोळे मिटले होते. मग सर्वेअरनी पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडे नीट बघितलं.

"बाई, आता विचारतो ते शांतपणे ऐका. घाई करू नका. समजा विमा नसताच. मग आधी काय उचललं असतं?"

त्यांच्या आवाजात इकडचा किंवा तिकडचा, कसलाही इशारा नव्हता. अध्यक्षभाऊ मात्र तिच्या मागून पुढे आले आणि डोळ्यांनी, हनुवटीनं, जवळजवळ अख्ख्या देहानं टेबलावरच्या मशीनकडे खुणा करू लागले. मलाही वाटलं की तेच उत्तर बरोबर. विम्याच्या माणसाला आणखी काय ऐकायला आवडणार?

ती मशीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तरी धानच, साहेब."

"का?"

"मशीन गेली तर माही नोकरी जाते. धान गेला तर त्यांची पोरं दिवाळीपर्यंत काय खातील?"

त्यांनी प्रश्न आणि उत्तर दोन्ही जसंच्या तसं लिहिलं, मोठ्यानं वाचून दाखवलं, एक शब्दही न बदलता. तिने सही केली. मग ते म्हणाले, आता चहा चालेल.

बस सुटायच्या ठिकाणापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेलो. त्यांच्यावर माझा थोडा रागच होता, कारण एवढं समजत असूनही त्यांनी त्या पोरीला जरासुद्धा सावरलं नव्हतं. मी तसं बोललोही. ते हसले नाहीत की रागावलेही नाहीत. म्हणाले की विम्याचा एक नियम असतो. विमा आहे म्हणून माणसाला हात झटकून बसता येत नाही, विमा नाही असं समजून शहाण्या माणसानं जसं वागावं तसंच वागावं लागतं. विमा आहे म्हणून राहू दिलं, एवढ्यावर ती थांबली असती तर तुमचा दावा संपला होता. म्हणून मी दुसरा प्रश्न विचारला. विमा नसतानाही ती तेच करणार होती, तर मग तिने विम्याच्या भरवशावर काहीच सोडलं नाही. अध्यक्षांनी खुणा केल्या त्याप्रमाणे ती मशीन म्हणाली असती तर मात्र मला काही करता आलं नसतं. आणि मी सुचवलं असतं तर तिच्या शब्दाला किंमत राहिली नसती.

हा माणूस एका ओळीनं तिला वाचवू शकत होता आणि तरी त्याने ती ओळ तिच्यावरच सोडली होती. एवढा संयम मला आयुष्यात जमला नाही. मंजूर होईल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. वरचा साहेब पहिलं वाक्य वाचूनही फाइल बंद करू शकतो. मी मात्र लिहिलेलं मागे घेणार नाही. बस आली आणि ते गेले.

महिना गेला, पुढचाही अर्धा गेला. विम्याचा पत्ता नाही. योजनेकडून मात्र विचारणा आली की मशीन बंद आहेत तर जागा चालू कशी. अध्यक्षभाऊंनी सभा बोलावली. तोवर ताईच्या त्या उत्तरावरचा त्यांचा राग निवला होता, उरली होती ती नुसती हतबलता. ते म्हणाले, माझ्या हातात काही नाही. ताई कोपऱ्यात बसून होती. तिने ब्रह्मपुरीला जायची तयारी केल्यासारखं दिसत होतं. आदल्या दिवशी तिने सगळा हिशेब, माणसांना विचारून विचारून, पुन्हा कागदावर उतरवून माझ्या हवाली केला होता.

सभा सुरू होती तेवढ्यात दारात माणसं आली. त्या दिवशी पोती वाहणारीच ती, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या गावाचे एक वयस्क मुखिया. आमच्या सभेला ते कधी बसत नसत. त्या दिवशी चपला बाहेर काढून आत आले, भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, बाईला काढून राह्यले असं ऐकलं. अध्यक्षभाऊंनी त्यांना समजावलं. पगार मशीनमुळे यायचा, मशीन बुडाल्या, म्हणून जागा गेली.

मुखियांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मशीन बुडली, भाऊ. बाई नाई बुडली. तिले काऊन काढता?"

ते पुढे सांगू लागले. त्यांच्या गावाची बैठक झाली होती, आसपासच्या गावांनाही विचारलं होतं. कोठीत जो धान आहे तो बाईमुळे आहे. तर कापणी झाली की घरटी पायलीभर धान कोठीत जास्तीचा पडेल, आणि बाईचा पगार त्यातून निघेल. मशीन येवो न येवो, आमचा हिशेब बाईनंच ठेवायचा. पहिल्यासारखा हातानं ठेवला तरी चालेल. एवढं ठरवूनच ते आले होते. आम्हाला विचारायला आले नव्हते, सांगायला आले होते.

अध्यक्षभाऊ काही बोलायच्या आत ताई उठून उभी राहिली. म्हणाली की तुमच्या पोरांच्या तोंडचा धान मी घेणार नाही.

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. मोठ्या माणसानं लेकीला दटावावं तसं म्हणाले, "तुले कोन इचारून राह्यलं? आमचा धान उचलून नेला तेव्हा तू आमाले इचारलं होतं काय?"

ती खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. सभेतले काही हसत होते, काहींना हसताना डोळे पुसावे लागत होते. अध्यक्षभाऊंनी ठराव मांडला तो मला लिहून घ्यायचा होता, पण मला समोरचा कागद नीट दिसत नव्हता.

विमा मंजूर झाल्याचं पत्र त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आलं. नव्या मशीनही आल्या, त्यांच्याबरोबर योजनेचा पगारही परत सुरू झाला, आणि लोकांच्या पायलीला हात लावायची वेळच आली नाही. पण तोवर तिची जागा कायम झालेली होती. ती कुणी कायम केली हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत होतं.